छप्पन्न किलोंचा इम्रे फोल्दी आणि आमचा नवा वजनकाटा

आमच्या व्यायामशाळेच्या वेटलिफ्टिंग विभागासाठी गेल्या जूनमध्ये आम्ही दीडशे किलो क्षमतेचा आणि वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा एक डिजिटल प्लॅटफॉर्म काटा विकत घेतला. दहा महिने रोज वापरल्यानंतर त्याचे हे परीक्षण लिहीत आहे. काटा बनवणाऱ्या कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही; याच बांधणीचे काटे बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि पुढे जे गुणदोष येतील ते बहुतेक सगळ्यांना लागू पडतील, असा माझा अंदाज आहे. माणसाचे वजन करणाऱ्या काट्याबद्दल एवढे लिहिण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु हलक्या वजनी गटात ज्यांनी बार उचलला आहे त्यांना ठाऊक असते की स्पर्धा मंचावर सुरू होण्याच्या दोन तास आधीच वजनाच्या खोलीत सुरू झालेली असते, आणि त्या खोलीतला काटा हा एक मुका पंचच असतो. म्हणून या काट्यासाठी मी एकच कसोटी ठरवली: १९६८ साली मेक्सिको सिटीत ज्या कामासाठी काट्याची गरज पडली, ते काम याच्यावर निर्धास्तपणे सोपवता येईल का? हंगेरीचा इम्रे फोल्दी त्या दिवशी काट्यावर हरला होता. त्याची कारकीर्द समजून घेतल्याशिवाय ही कसोटी समजणार नाही. त्यामुळे हे परीक्षण काट्याचे जितके आहे तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, फोल्दीचे आहे.

फोल्दीचा जन्म १९३८ साली केच्केमेत येथे झाला. परंतु त्याचे नाव कायमचे जोडले गेले ते बुडापेस्टच्या पश्चिमेला असलेल्या तातबान्या या कोळशाच्या खाणींच्या शहराशी. तिथल्या खाण कामगारांच्या क्लबकडून तो खेळला, पुढे तिथेच त्याने मुलांना शिकवले, आणि आज तिथल्या एका क्रीडागृहाला त्याचे नाव आहे. उंची पाच फुटांपेक्षा कमी. असा माणूस रस्त्यात दिसला तर तो काय करतो हे कोणी ओळखणार नाही. १९६० ते १९७६ या काळात तो सलग पाच ऑलिम्पिक स्पर्धांमध्ये उतरला आणि असे करणारा तो जगातला पहिला वेटलिफ्टर ठरला. रोममध्ये सहावा, टोकियोत दुसरा, मेक्सिको सिटीत दुसरा, म्युनिकमध्ये पहिला आणि माँट्रियलमध्ये पाचवा, अशी त्याची उतरंड, किंवा खरे तर चढण आणि मग उतरण आहे. १९६५ साली तेहरानमध्ये तो विश्वविजेता झाला आणि युरोपीय विजेतेपदही त्याने अनेकदा मिळवले. टोकियोपासून माँट्रियलपर्यंतची बारा वर्षे तो ऑलिम्पिकमध्ये ५६ किलोंच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरत होता. तरुण मुलाचे वजन एका ऋतूत टिकवणे किती अवघड असते हे आम्ही रोज पाहतो. विशी-तिशी ओलांडून चाळिशीकडे निघालेल्या माणसाने बारा वर्षे हाडामांसाचा तोच आकडा सांभाळणे ही गोष्ट पदकांच्या यादीत दिसत नाही, पण मला ती पदकांइतकीच मोठी वाटते.

काटा घरी, म्हणजे व्यायामशाळेत आला तेव्हा पहिले काम त्याच्या चार पायांचे स्क्रू फिरवून पातळी साधण्याचे होते. कोपऱ्यात पाण्यातल्या बुडबुड्याची छोटी डबी बसवलेली आहे. बुडबुडा वर्तुळात येईपर्यंत काट्यावर उभे राहू नये, ही सूचना माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिली आहे, ती खरे तर पहिल्या पानावर ठळक हवी. त्यानंतर आम्ही दोन २५ किलोंच्या, एक ५ किलोची आणि एक १ किलोची अशा स्पर्धेच्या दर्जाच्या प्लेट रचून ५६ किलोंचा ढीग केला. काट्याने ५६.०२ दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या घाईच्या होत्या. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पाच किलोंवरील प्लेटला तिच्या वजनाच्या ०.१ टक्का जास्त किंवा ०.०५ टक्का कमी असण्याची मुभा असते. म्हणजे २५ किलोंची एक प्लेट २५ ग्रॅमने जड असली तरी ती नियमात बसते. दोन प्लेट मिळून पन्नास ग्रॅमची सूट झाली, आणि आमचा काटा तर वीस ग्रॅमचा हिशेब सांगतो. त्यामुळे प्लेट ठेवून काटा रोज तसाच वागतो आहे का, एवढे कळते. तो खरा बोलतो आहे का, हे कळत नाही. त्यासाठी वैधमापन विभागाची मुद्रा असलेली प्रमाणित वजनेच लागतात. पडताळणीच्या वेळी तंत्रज्ञाने ती आणली होती, आणि त्यांच्यावर ५६.०० हा आकडा स्वच्छ आला, तेव्हा मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

आता टोकियो. १९६४ सालच्या त्या स्पर्धेत काटा किती वेळा निकालात शिरला हे पाहिले तर आश्चर्य वाटते. तेव्हा तीन उचली असत: प्रेस, म्हणजे खांद्यावरून केवळ हातांच्या जोरावर बार वर नेणे; स्नॅच, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर नेणे; आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेणे. त्या काळचा नियम असा होता की दोघांची तिन्ही उचलींची बेरीज सारखी आली तर ज्याचे शरीराचे वजन कमी तो वरचा. लाइटवेट गटात पोलंडचा वाल्देमार बाशानोव्स्की आणि सोव्हिएत संघाचा व्लादिमिर काप्लुनोव या दोघांनीही ४३२.५ किलो उचलले आणि सुवर्ण बाशानोव्स्कीकडे गेले, कारण तो हलका होता. लाइट हेवीवेट गटात गेझा तोत आणि ग्योझो वेरेश हे दोन हंगेरियन ४६७.५ किलोंवर बरोबरीत आले; रौप्य हलक्या तोतला, कांस्य वेरेशला. एकाच देशाचे, एकाच चमूतले दोघे, आणि त्यांच्यातला निवाडा काट्याने केला. फोल्दीच्या गटात मात्र तेव्हा काट्याला बोलावे लागले नाही. प्रेसमध्ये फोल्दी ११५ किलो उचलून पाच किलोंनी पुढे गेला, स्नॅचनंतर ती आघाडी अडीच किलोंवर आली, आणि क्लीन अँड जर्कमध्ये अलेक्सेय वाखोनिनने १४२.५ किलो डोक्यावर नेऊन ती उलटवली. बार डोक्यावर असताना वाखोनिनने एक पाय उचलून दाखवला, ही गोष्ट वेटलिफ्टिंगच्या मंडळींत अजून सांगितली जाते. बेरीज ३५७.५ विरुद्ध ३५५. वाखोनिनही शाख्ती या खाणींच्याच गावातला, आणि त्याचा प्रशिक्षक रुडॉल्फ प्ल्युकफेल्डर हा त्याच स्पर्धेत तोत आणि वेरेश यांना मागे टाकून स्वतः सुवर्णपदक घेऊन गेला. गुरू-शिष्यांनी मिळून एकाच ऑलिम्पिकमध्ये तीन हंगेरियनांच्या हातातले सोने काढून घेतले, असा योग पुन्हा क्वचितच आला असेल.

मेक्सिको सिटीत, चार वर्षांनी, फोल्दी तीस वर्षांचा होता. प्रेस ही त्याची हुकमी उचल. तीत त्याने १२२.५ किलो नोंदवले आणि इराणचा मोहम्मद नासिरी ११२.५ वर राहिला. स्नॅचमध्ये दोघांचेही १०५. म्हणजे तिसऱ्या आणि शेवटच्या प्रकाराला सुरुवात होताना फोल्दी दहा किलोंनी पुढे होता, आणि ५६ किलोंच्या गटात दहा किलो म्हणजे तटबंदीच. क्लीन अँड जर्कमध्ये फोल्दीने १४० केले, बेरीज ३६७.५. नासिरीला ही बेरीज गाठायची तर १५० किलो उचलणे भाग होते, आणि तेवढे वजन या गटात तोवर कोणी उचललेले नव्हते. त्याने ते उचलले. स्वतःच्या वजनाच्या अडीचपटीहूनही कितीतरी जास्त असलेला तो बार वर गेला आणि फलकावर दोन नावांपुढे एकच आकडा उभा राहिला. मग स्पर्धेआधी वजनाच्या खोलीत लिहून ठेवलेला कागद पाहण्यात आला. नासिरी हलका निघाला. मराठीत अटीतटीच्या झुंजीला आपण काट्याची लढत म्हणतो. या लढतीचा निकाल शब्दशः काट्याने लावला.

या नियमाबद्दल माझे मत दुहेरी आहे. हलक्या माणसाने जडाइतकेच वजन उचलले तर त्याचे कर्तृत्व मोठे, हे तत्त्व मला पटते. वजनी गट करण्यामागेही तेच तत्त्व आहे. पण एकाच गटात, एकाच मर्यादेच्या आत उभ्या असलेल्या दोन माणसांमधला फरक जेव्हा अगदी थोडा उरतो, तेव्हा तो कर्तृत्वाचा फरक नसून सकाळी प्यायलेल्या पाण्याचा असतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१७ पासून हा नियम काढून टाकला आणि बरोबरी झाल्यास ती बेरीज आधी गाठणाऱ्याला वरचा क्रमांक दिला. गंमत अशी की मेक्सिकोत फोल्दीची बेरीज ३६७.५ वर आधी पोहोचली आणि नासिरीने नंतर ती गाठली, त्यामुळे आजच्या नियमाने निकाल उलटा लागला असता. अर्थात आजचा नियम असता तर नासिरीच्या गोटाने १५० ऐवजी आणखी वरचा आकडा मागितला असता. नियम बदलला की डावही बदलतो. त्यामुळे फोल्दीवर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. दोघांनाही नियम ठाऊक होता.

याच ठिकाणी काट्याच्या परीक्षणाचा मुख्य मुद्दा येतो. घरगुती वापराचा काचेचा काटा शंभर ग्रॅमच्या टप्प्याने बोलतो, आणि त्यावर पाय थोडा मागेपुढे ठेवला तरी आकडा बदलतो. आमच्याकडे पूर्वी तसाच होता. त्यावर ५५.९ असलेला मुलगा स्पर्धेच्या काट्यावर ५६.०४ भरतो आणि मग त्या उरलेल्या तासाभरात त्याला मैदानाभोवती स्वेटर घालून पळावे लागते. ही वेळ आमच्यावर दोनदा आली आहे. नव्या काट्यावर एकाच मुलाला पाठोपाठ दहा वेळा उतरवून चढवले, तेव्हा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत चाळीस ग्रॅमचा फरक पडला. माझ्या मते हे उत्तम आहे. प्लेटचा ढीग मधोमध न ठेवता कोपऱ्यात सरकवला तेव्हा साठ ग्रॅमची चूक दिसली. म्हणून आम्ही फलाटावर रंगाने दोन पावले काढून ठेवली आहेत आणि प्रत्येकाने त्यांवरच उभे राहायचे, असा दंडक आहे. उभ्या माणसाच्या श्वासोच्छ्वासामुळे शेवटचा अंक नाचत राहतो. त्यावर उपाय म्हणून आकडा गोठवणारे बटण दिले आहे आणि ते तीन-चार सेकंदांची सरासरी धरते. हे बटण चांगले चालते, मात्र मुलांना ते आवडत नाही, कारण ते नाचणाऱ्या अंकांतला सर्वांत लहान अंक वाचायला शिकले होते.

दोष सांगायचे तर पहिला असा की काटा सुरू केल्याबरोबर तो खरा बोलत नाही. थंड अवस्थेत त्याचे वाचन चाळीस ग्रॅमपर्यंत सरकते आणि पंधरा मिनिटांनी स्थिरावते. पहाटे पाचला आलेल्या मुलांना तोवर थांबायला लावावे लागते. दुसरा दोष पावसाळ्यात कळला. जुलैच्या ओलाव्यात आकड्यांच्या पडद्याच्या आत वाफ धरली आणि दोन दिवस तर आठचा अंक तीनसारखा दिसत होता. वजनकाट्यावर ८ चा ३ होणे हा प्रकार विनोदी वाटेल, पण ५८ चा ५३ झालेला पाहून एका नव्या मुलाने दुप्पट न्याहारी केली. विक्रेत्याकडे तक्रार केल्यावर तंत्रज्ञ येण्यास नऊ दिवस लागले. आल्यावर मात्र त्याने पडद्याची रबरी पट्टी बदलली, काटा उघडून आतला भारमापक तपासला आणि पैसे घेतले नाहीत. वीज गेल्यावर आतली बॅटरी सहा तास चालते. आमच्याकडे वीज नसण्याची वेळ त्याहून लांबते, पण तो काट्याचा दोष नाही.

म्युनिकची गोष्ट मी मुलांना याच काट्यापाशी उभे करून सांगतो, कारण ती आकड्यांतच सांगण्यासारखी आहे. १९६० साली रोममध्ये बँटमवेटचे सुवर्ण अमेरिकेच्या चार्ल्स विन्चीने ३४५ किलोंवर जिंकले. फोल्दीने टोकियोत ३५५ उचलले. म्हणजे मागच्या विजेत्यापेक्षा दहा किलो जास्त, आणि तरीही तो दुसरा आला. टोकियोत वाखोनिन ३५७.५ वर जिंकला. फोल्दीने मेक्सिकोत ३६७.५ उचलले, पुन्हा मागच्या विजेत्यापेक्षा बरोबर दहा किलो जास्त, आणि पुन्हा दुसरा. १९७२ साली म्युनिकमध्ये तो चौतीस वर्षांचा होता. त्याने प्रेसमध्ये १२७.५, स्नॅचमध्ये १०७.५ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १४२.५ किलो उचलले, बेरीज ३७७.५. तिसऱ्यांदाही मागच्या विजेत्या बेरजेपेक्षा बरोबर दहा किलो जास्त. या वेळी तेवढे पुरले. नासिरी ३७० वर दुसरा आणि सोव्हिएत संघाचा गेन्नादी चेतिन ३६७.५ वर तिसरा आला. मेक्सिकोत ज्या आकड्यावर सोने आणि रुपे वाटले गेले, त्याच आकड्यावर म्युनिकमध्ये कांस्य मिळाले. ३७७.५ हा नवा विश्वविक्रम होता. साडेसात किलोंच्या त्या अंतरामुळे वजनाच्या खोलीतला कागद कोणी उघडूनही पाहिला नसेल. हंगेरीचे वेटलिफ्टिंगमधले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. दुसरे पेतेर बात्साकोने १९८० साली मॉस्कोत मिळवले. म्युनिकमध्ये नव्याने आलेल्या ५२ किलोंच्या गटातही लायोश स्यूचला रौप्य आणि शांदोर होल्त्स्रायटरला कांस्य मिळाले होते, त्यामुळे सर्वांत हलक्या दोन गटांतली सहापैकी तीन पदके त्या छोट्या देशाकडे गेली.

एक बाब येथे नोंदवली पाहिजे. फोल्दीची आघाडी नेहमी प्रेसमध्ये तयार होत असे. टोकियोत पाच किलो, मेक्सिकोत दहा किलो. प्रेसमध्ये बार खांद्यावर घेऊन, पाय न हलवता, केवळ हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा असे. कालांतराने खेळाडू पाठीला इतका बाक देऊ लागले की उभ्याने केलेली ती उचल जवळजवळ आडवे पडून केल्यासारखी दिसू लागली. पंचांची मते जुळेनात, पाठीची भीती वेगळीच. म्युनिकनंतर प्रेस कायमची बंद झाली. म्हणजे फोल्दीने सुवर्ण मिळवले आणि त्याच स्पर्धेनंतर त्याचे सर्वांत धारदार हत्यार नियमपुस्तकातून निघून गेले. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच थांबण्यात शहाणपण मानले असते. फोल्दी चार वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, माँट्रियलला गेला आणि केवळ दोन उचलींच्या स्पर्धेत पाचवा आला. तिथला विजेता, बल्गेरियाचा नोराईर नुरिक्यान, म्युनिकमध्ये ६० किलोंच्या गटात सुवर्ण जिंकून पुढच्या खेपेस ५६ किलोंत उतरला होता, त्याने २६२.५ किलो उचलले. वजन उतरवून खालच्या गटात जिंकणे हे त्या काळापासूनचे शास्त्र आहे, आणि त्याचा पहिला साक्षीदार पुन्हा काटाच.

यावरून आमच्याकडचा एक वाद सांगतो, कारण काटा घेतल्यामुळे तो वाढला. नेमका काटा हाताशी आला की मुले आणि त्यांचे पालक वजन उतरवण्याचे हिशेब मांडू लागतात, ५६.६० दिसले की जेवण बंद, पाणी बंद. अठरा वर्षांखालील कोणालाही स्पर्धेच्या आठवड्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरवू द्यायचे नाही, त्याहून जड असेल तर वरच्या गटात उतरवायचे, असा आमचा नियम आहे. वरच्या गटात मुलगा हरतो, घरचे रागावतात. एका मुलाच्या आजीने मला विचारले, “सर, अर्ध्या किलोसाठी पोराला मोठ्या पोरांत घातलंत होय?” मी त्यांना काट्यावरच्या नोंदवहीतली त्याची सहा महिन्यांची वाढ दाखवली. मुलगा वाढत होता. त्याला गटात कोंबणे म्हणजे वाढत्या पायाला जुना बूट घालणे होते. फोल्दी बारा वर्षे ५६ किलोंत राहिला तो प्रौढ, पूर्ण वाढलेला माणूस होता. त्याचे उदाहरण मुलांना देताना ही गोष्ट वगळली तर ते उदाहरण घातक ठरेल.

महाराष्ट्राला हा गट परका नाही. कुरुंदवाडच्या गणेश माळीने २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ५६ किलो गटात २४४ किलो उचलून कांस्य मिळवले. रौप्य २४५ वर होते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅममध्ये ५५ किलो गटात कोपर दुखावूनही २४८ किलोंवर रौप्य मिळवले. सुवर्ण २४९ वर गेले. दोन्हीकडे अंतर एक किलोचे. फोल्दीच्या काळात बेरजेतले सर्वांत लहान पाऊल अडीच किलोंचे असे, त्यामुळे एका किलोने हरणे शक्यच नव्हते. बरोबरी मात्र वारंवार होई आणि ती सोडवायला काटा लागे. आता पाऊल एक किलोचे आहे आणि बरोबरी सोडवायला घड्याळ पुरते. तरीही कोल्हापूर-सांगलीच्या प्रत्येक हलक्या मुलाला मर्यादेचा तो एक आकडा गाठावाच लागतो. जून २०२५ पासून प्रौढ पुरुषांचा सर्वांत हलका आंतरराष्ट्रीय गट ६० किलोंचा झाला आहे, तेव्हा फोल्दीच्या बांध्याच्या माणसाला आज मंचावर घर उरलेले नाही, याचे मला वाईट वाटते. आमच्याकडे एक साडेचोपन्न किलोंचा मुलगा आहे. त्याला आता वजन उतरवायचे नसून चढवायचे आहे, आणि त्याच्या नोंदवहीतला आलेख आम्ही उलट्या उत्सुकतेने पाहतो.

खरेदीबाबत सांगायचे तर आम्हाला हा काटा करासह नऊ हजार चारशे रुपयांना पडला. मुद्रांकनाचे शुल्क वेगळे. केवळ वजन कमी-जास्त झाले का एवढेच पाहायचे असेल तर हा खर्च करू नये, शंभर ग्रॅमचा घरगुती काटा पुरेसा आहे. कुस्ती, वेटलिफ्टिंग किंवा मुष्टियुद्ध शिकवणाऱ्या तालमींनी आणि जिल्हा पातळीच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी मात्र घ्यावा, आणि घेताना तीन गोष्टी विक्रेत्यासमोरच तपासाव्यात: कोपऱ्यातली चूक किती, थंड अवस्थेतला सरक किती, आणि पडद्याची रबरी पट्टी घट्ट आहे का. दहा ग्रॅमचे वाचन देणारा महाग काटा घेण्याचा आग्रह विक्रेता करतो. माणसाच्या श्वासाने हलणाऱ्या आकड्यात दहा ग्रॅमला काही अर्थ नसतो, तेव्हा त्या आग्रहाला बळी पडू नये. मेक्सिकोच्या कसोटीवर मी या काट्याला उत्तीर्ण करतो, एका अटीवर: मुद्रांकन ताजे असले पाहिजे आणि काटा पंधरा मिनिटे तापलेला असला पाहिजे. आमच्या काट्याच्या पडताळणीची मुदत येत्या जूनमध्ये संपते. तंत्रज्ञाला आताच सांगून ठेवले आहे की येताना वीस, वीस, दहा, पाच आणि एक किलोची प्रमाणित वजने आणावीत; त्यांची बेरीज छप्पन्न होते, आणि आमच्याकडे पहिले वाचन त्याच आकड्याचे घेतले जाते.